तिला 'एरर' म्हणू नका!

मंडळी, आज नोटा जमवणाऱ्यांवर जरा घसरणार आहे. मीही त्यातलाच, तेव्हा राग मानू नका.

परवा एका प्रदर्शनात मॉरिशसची १९९८ सालची शंभर रुपयांची नोट मिळाली. विक्रेता म्हणाला, "एरर नोट आहे साहेब, घेऊन ठेवा." घेतली. पण तो 'एरर' शब्द तेव्हापासून खुपतोय.

छपाईत यंत्र चुकलं, आकडा भलतीकडे उमटला, तर ती एरर नोट. इथे यंत्र चुकलंच नव्हतं. नोव्हेंबर १९९८ मध्ये बँक ऑफ मॉरिशसने नव्या नोटा आणल्या. त्यांवर आधी इंग्रजी, मग हिंदी आणि शेवटी तमिळ. हा क्रम माणसांनीच ठरवला होता! तमिळ समाजाने जोरदार निषेध केला आणि जून १९९९ मध्ये त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. नव्या नोटांवर तमिळ पुन्हा हिंदीच्या आधी आली. गंमत म्हणजे, शंभराच्या नोटेवर चित्र आहे ते रंगनादेन सीनिवासन या तमिळ वंशाच्याच नेत्याचं.

घरी हे सांगितलं तर काका हसले. "एका ओळीसाठी एवढा गोंधळ?"

खरं सांगतो, देवनागरी वर बघून मलाही आधी बरंच वाटलं होतं. पण तमिळ कारागीर तिथे पोचले अठराव्या शतकात, फ्रेंचांच्या अमदानीत. गिरमिटियांची मोठी लाट सुरू झाली १८३४ पासून. जे आधी आले त्यांची ओळ खाली सरकवली, तर लागणारच ना?

आणि आपण कसले खूश होतोय! मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पण नोटेवर मराठीची ओळच नाही. देवनागरी दिसली की मराठी आली, हा आपला भाबडेपणा.

काका, आपल्या नोटेच्या मागे पंधरा भाषांची पट्टी असते. इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने लावलेली, म्हणून भांडण नाही. त्यात मराठी आठवी. उद्या कुणी ती उचलून तळाला टाकली, तर तुम्ही असेच हसाल?

तेव्हा जमवणाऱ्यांनो, अल्बममध्ये त्या नोटेखाली 'एरर' लिहू नका. 'मागे घेतलेली, १९९९' असं लिहा, आणि का तेही लिहा. नुसती दुर्मिळ म्हणून जपायची, तर नोट काय आणि बाटलीचं बूच काय, सारखंच.

असो. काकांचा फोन येईलच आता!