ऋण कोणी फेडावे?

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा बिदरकरांस नव्याने सांगावयास नको. हिशेब चुकला तो येथल्याच दरबारी. दुष्काळात पंतांनी सरकारी कोठारे लुटविली आणि विठू महाराच्या वेषात पांडुरंगाने धान्याचे मोल बादशहापुढे ओतले, असे महीपतीने १७६२ साली ‘भक्तविजया’त वर्णिले आहे. वेष कोणाचा, तर ज्यास पंढरीचे देऊळ १९४७ पर्यंत बंद होते त्याचा!

बिदरचे मेथडिस्ट शेजारी क्रूसाविषयी सांगतात ते याच्या फार जवळचे आहे. कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी १०९८ च्या सुमारास मांडले की, पाप हे ऋण. देणे मनुष्याचे, ऐपत देवाची. म्हणून देव मनुष्य झाला. इथवर आम्हांस अडचण नाही. मित्राचे कर्ज मित्राने फेडले, तर सावकाराची तक्रार उरत नाही.

परंतु सोळाव्या शतकात कॅल्व्हिन प्रभृतींनी ऋणाऐवजी शिक्षेवर भर दिला. दंडाची रक्कम दुसऱ्याने भरता येते. फाशी दुसऱ्यास दिली तर न्यायाधीशच अपराधी ठरतो. ख्रिस्ती उत्तर असे की, येथे तिसरा कोणी नाही, न्यायाधीशच आसनावरून उतरला. उत्तर वजनदार आहे. तरी आमचे मन दामाजीच्या देवाकडे ओढते. त्याने रक्त सांडले नाही. रोख मोजले, पावती घेतली आणि ती पंतांच्या पोथीत ठेवून निघून गेला.