माल्टाचे कौतुक आणि घरचे भंगार

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात एका तारवाच्या नाशाची हकीकत आहे. कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या संत पौलाचे ते तारू चौदा दिवस वादळात भरकटले आणि अखेर माल्टा बेटाच्या किनाऱ्याशी फुटले. तारवावर २७६ माणसे होती, सगळी वाचली. पावसात भिजलेल्या, थंडीने काकडलेल्या त्या परक्यांसाठी बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवली आणि त्यांचे स्वागत केले.

ते बेट आता आपल्या तीर्थयात्रांच्या नकाशावर आले आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात राहणारी आपली काही कुटुंबे रोम आणि असिसीबरोबर माल्टाही पाहून येतात. परतल्यावर रविवारच्या मिस्सेनंतर छायाचित्रे दाखवली जातात, कौतुक होते आणि मग हमखास एक वाक्य कानी पडते : “काय जपलंय हो त्या लोकांनी! आपल्याकडे असं काही नाही.”

माझे भांडण माल्टाशी नाही, तिथे जाणाऱ्यांशीही नाही. माझे भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. ते वाक्य खोटे आहे. आणि जे खोटे आपण नम्रतेच्या सुरात बोलतो, ते अधिक घातक असते.

आधी माल्टा म्हणजे काय ते पाहू. सगळी बेटे मिळून त्या देशाचे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर आहे आणि लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. आपल्या एकट्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे क्षेत्र १८१ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेत येथे १७ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. म्हणजे माणसांच्या हिशेबाने आपण त्या देशाच्या तिपटीहून मोठे आहोत. तेव्हा ‘ते मोठे, आम्ही लहान’ ही सबब येथेच संपली.

व्हॅलेटा शहरातील संत जॉनच्या सह-कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जोने १६०८ साली रंगवलेले बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाचे चित्र आहे. त्याने स्वतःची सही केलेले हे एकमेव चित्र. आणि ज्या प्रार्थनागृहासाठी ते काढले, तेथेच ते आजही आहे. त्याच वर्षी हा चित्रकार गुन्ह्यापायी तुरुंगात पडला, तेथून पळाला, आणि संत जॉनच्या सरदारसंघाने त्याला संघातून बडतर्फ केले. त्यांनी माणसाला हाकलले. चित्राला हाकलले नाही. रागाच्या भरातही काय टाकावे आणि काय ठेवावे, याचा विवेक त्यांनी सोडला नाही.

१९०२ साली तेथे घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना मजुरांच्या कुदळीखाली एका भुयाराचे छत फुटले. हाल साफ्लिएनी येथील ते पाच हजार वर्षांहून जुने दफनस्थान होते. काम थांबेल या भीतीने मजुरांनी प्रथम ते लपवले म्हणतात. मोशी-चाकणच्या रस्त्यावर इमारतींचे पाये खणले जाताना रोज पाहणाऱ्या आपल्याला ही भीती समजण्याजोगी आहे. पण ते भुयार पुढे वाचले, आणि आता श्वासाच्या ओलाव्याने दगड बिघडू नयेत म्हणून तासाला दहाच माणसे आत सोडतात.

आणि मोस्ता गावचे देऊळ! १८३३ ते १८६० या काळात गावकऱ्यांनी आपले श्रम घालून ते प्रचंड घुमटाचे मंदिर उभे केले. ९ एप्रिल १९४२ रोजी एक जर्मन बॉम्ब घुमट भेदून आत पडला. आत माणसे जमलेली होती. बॉम्ब फुटला नाही. लष्कराने तो निकामी करून समुद्रात टाकला. परंतु गावाने तसाच दुसरा बॉम्ब साक्रिस्तीत मांडून ठेवला आहे, कारण ती त्यांच्या वाचण्याची खूण आहे. बिरगू येथील सागरी संग्रहालय तर ब्रिटिश आरमारासाठी पाव भाजणाऱ्या जुन्या बेकरीच्या इमारतीत आहे. कामगारांनी जेथे घाम गाळला, तेथेच कामाची आठवण जपली गेली.

या चार ठिकाणांतून उचलण्याजोगी गोष्ट एकच : माल्टाला वारसा आकाशातून मिळाला नाही, जे हाती होते ते टाकून देण्यास त्यांनी नकार दिला. आपले यात्रेकरू नेमके हेच तेथे ठेवून येतात आणि येताना फक्त छायाचित्रे घेऊन येतात.

आता ‘आपल्याकडे काही नाही’ या वाक्याकडे वळू. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या डोंगरटोकाला भीमाशंकर आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तेथील चर्चच्या काही घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि त्यांतली एक भीमाशंकरी वाहिली गेली. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर दुसरी आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया कोरलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या पुजाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी या घंटा सांभाळल्या, वितळवल्या नाहीत. आपल्यापैकी किती जणांनी त्या पाहिल्या आहेत? माल्टाचा व्हिसा काढणाऱ्याला भीमाशंकरची एस. टी. ठाऊक नसते. मी तर पुढे जाऊन विचारतो : त्या घंटा आपल्याच ताब्यात राहिल्या असत्या, तर गेल्या पन्नास वर्षांतल्या एखाद्या नूतनीकरणात त्या पितळेच्या भावाने गेल्या नसत्या, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

पुण्याच्या सिटी चर्चची जागा १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठी दिली. चाकणच्या संग्रामदुर्गात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवले. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आणि चापेकर बंधूंचा वाडा आहे. ही सगळी ठिकाणे आपल्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या टप्प्यात आहेत. ज्या मातीत आपण राहतो तिचा इतिहास ‘त्यांचा’ आणि भूमध्य समुद्रातला तेवढा ‘आपला’, ही वाटणी कोणी केली? ख्रिस्तसभेने तर केलेली नाही.

आणि आपला स्वतःचा, या पट्ट्यातला इतिहास? १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे पेनिसिलिन बनू लागले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले आणि एकामागून एक कारखाने उभे राहिले. नगर जिल्ह्यातून, वसईहून, गोवा-मंगळूरहून, केरळ-तामिळनाडूतून आपली माणसे येथे आली. एका खोलीत चौघे राहिले, तीन पाळ्यांत राबले, रात्रपाळी संपवून तसेच मिस्सेला उभे राहिले. कोणाच्या तरी क्वार्टरमध्ये पहिली रोझरी झाली, कोणी तरी पहिल्या वेदीसाठी फळ्या रंधल्या. या माणसांनी भारताला औषध दिले, वाहने दिली आणि आपल्याला धर्मग्राम दिले. त्यांची खूण कोठे आहे?

ती भंगारात आहे. फरशी बदलली, जुनी बाके गेली. वेदी संगमरवरी झाली, लाकडी वेदी गेली. लॅटिन-मराठी मिस्सेची पुस्तके रद्दीत गेली. वडील वारले, की कंपनीचा बिल्ला, पहिला पगारपत्रक आणि कोरसचे हाताने उतरलेले वहीभर गीत, सगळे एका पोत्यात भरून दाराशी आलेल्या भंगारवाल्याला दिले जाते. आणि तोच मुलगा पुढच्या वर्षी व्हॅलेटात काचेआडची जुनी चिठ्ठी पाहून गहिवरतो!

यावर तीन आक्षेप येतील. पहिला : “आमचे धर्मग्राम कालचे, त्यात जपण्यासारखे जुने काय?” मोस्ताचा बॉम्ब १९४२ सालचा आहे. पेनिसिलिनच्या कारखान्यात रुजू झालेले पहिले कामगार तेव्हा जन्मलेले होते. जुनेपणा वाट पाहून येतो. पण वाट पाहायला वस्तू तर शिल्लक हवी.

दुसरा : “आम्ही वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या भाषांचे, कोणाचे म्हणून जपायचे?” पौलाच्या तारवावर तरी कोण होते? शिपाई, खलाशी आणि कैदी. वादळाने त्यांना एक केले. आपल्याला भोंग्याने एक केले. तीच आपली गोष्ट.

तिसरा आक्षेप सर्वांत पवित्र वेषात येतो : “हा पैसा गरिबांना द्यावा.” अवश्य द्यावा. परंतु माल्टाच्या एका तिकिटाच्या वेळी न आठवणारे गरीब एका लोखंडी कपाटाच्या वेळी आठवू लागले, तर तो कळवळा मला संशयास्पद वाटतो. ज्यांचे जगणे नोंदवायचे, ते गरीबच तर होते.

शिवाय हा छंदाचा प्रश्न नव्हे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ५३५ वे कलम सांगते की प्रत्येक धर्मग्रामात दप्तर असावे आणि जुन्या नोंदवह्या काळजीपूर्वक राखाव्यात. १५ ऑगस्ट २००१ रोजी व्हॅटिकनच्या सांस्कृतिक वारसा आयोगाने चर्चच्या संग्रहालयांविषयी पत्र काढले आणि त्यांना श्रद्धा जोपासण्याचे साधन मानले. गोव्याने ते आधीच ओळखले होते. ख्रिस्ती कलेचे संग्रहालय १९९४ साली राशोलला सुरू झाले आणि २००२ पासून जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात आहे. तेथवर जायला पासपोर्ट लागत नाही.

न जपल्याचे फळ काय, हे मराठी ख्रिस्ती माणसाला दुसऱ्याने सांगायला नको. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, पुन्हा १६४९ आणि १६५४ साली. या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून ग्रंथ वाचला, आणि त्यांतले देवनागरी हस्तलिखित मिळाले ते लंडनमध्ये. त्या नाशात परकीय सत्तेचा हात होता; १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषेविरुद्ध हुकूमच काढला होता. पण आज कोणता व्हाइसरॉय आपल्या दप्तराला वाळवी लावतो आहे?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने एक कोरडी खोली, निदान एक कपाट, या कामासाठी राखावे. कोणतेही बांधकाम पाडण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची यादी आणि छायाचित्र व्हावे. तरुण संघाने पाळीपाळीने ज्येष्ठांकडे बसून त्यांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि हे याच वर्षी व्हावे, कारण अंत्यविधीच्या सूचना दर रविवारी वाचल्या जात आहेत. आणि माल्टाच्या यात्रेस नाव नोंदवणाऱ्याने त्याआधी भीमाशंकरची घंटा पाहून यावी. मग माल्टाला खुशाल जावे. तेव्हा त्याला तेथे काय पाहायचे ते कळेल.

शेवटी पुन्हा त्या फुटलेल्या तारवाकडे येतो. त्या रात्री खलाशांनी पाण्याची खोली मोजली, प्रथम वीस वाव, मग पंधरा. मागच्या बाजूने चार नांगर टाकले. तारवावर माणसे २७६. हे आपल्याला कसे कळले? कारण त्या काकडलेल्या माणसांत संत लूक होता आणि त्याने ते लिहून ठेवले. तारू समुद्राने गिळले, नांगर गेले, धान्य पाण्यात फेकले गेले. उरली ती लूकची नोंद, आणि तिच्या आधारावर आज जगातले यात्रेकरू त्या बेटावर उतरतात.

आपली माणसेही वादळातून या पट्ट्याला लागली. किती होती, कोठून आली, त्यांच्यासाठी शेकोटी कोणी पेटवली? सांगणारे अजून काही जण मागच्या बाकांवर बसलेले दिसतात. लिहून घेणारा लूक मात्र माल्टाला गेला आहे.