कातळावरचे अध्यात्म कोणाचे?

कोकणातील कातळशिल्पांविषयी अलीकडे मराठीत जे ललित-वैचारिक लेखन होते आहे, त्यात ‘अध्यात्म’ हा शब्द इतका सैलपणे वावरतो की त्याची झडती घेणे आवश्यक झाले आहे. सागर आणि भूमी यांच्या आदिम उपासनेतून या आकृती जांभ्याच्या सड्यावर उमटल्या, असे प्रारंभीच गृहीत धरले जाते. मग ‘गूढ’, ‘आदिबंध’, ‘विश्वचैतन्य’ हे शब्द ओळीने येतात आणि वर्णन पुरे होण्याआधीच अर्थनिर्णय होऊन जातो. समुद्र जिथून काही शे किलोमीटर दूर आहे, त्या वरणगावसारख्या तापीकाठच्या गावात बसून हे लेखन वाचणाऱ्याला त्यातील गोम अधिक लवकर जाणवते. कारण दगडाचे आणि पाण्याचे नाते तिथेही आहे; पण ते सुंदर नाही.

राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती पाहावा. सुमारे १८ मीटर बाय १३ मीटरची ती रेखाकृती. तिच्या पोटात मासे, पाकट, पक्षी, चतुष्पाद अशी लहान चित्रांची दाटी. या दाटीला ‘सागर आणि धरित्रीचे अद्वैत’ म्हणणे सोपे आहे. परंतु पाकट ज्याने इतक्या अचूक बाह्यरेषेत कोरली, त्याने ती हाताळली होती, बहुधा खाल्लीही होती, ही साधी शक्यता समीक्षकाला सुचत नाही. अद्वैत दिसते, मासेमारी दिसत नाही. कोरणाऱ्यांची भाषा, विधी, कथा यांपैकी काहीच आपल्या हाती नाही. त्यांच्या काळाविषयीही अभ्यासकांत एकमत नाही. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर चिन्हक समोर आहे आणि चिन्हव्यवस्था पुरती लोपली आहे. अशा स्थितीत चिन्हित कोठून आले? ते वाऱ्यातून, क्षितिजातून, पायथ्याच्या लाटांच्या आवाजातून आले. म्हणजेच पाहणाऱ्याच्या भोवतालातून आले.

हा आरोप पारखून पाहण्याची सोय खानदेशातच आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे सां. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे कोरलेले कवच मिळाले. पंचवीस हजार वर्षांच्या आसपासचे हे कवच, आणि त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा. त्या रेषाही मुक्याच. त्यांचाही संदर्भ हरवलेला. तरी त्यांत भूमातेची उपासना शोधणारा निबंध मराठीत कोणी लिहिल्याचे आढळत नाही. कवच तळहातावर मावते, आणि त्याच्यामागे सूर्य मावळत नाही!

कुडोपीच्या सड्यावरील काही मानवाकृतींना लज्जागौरी ठरवले जाते आणि त्यासाठी रा. चिं. ढेरे यांचा हवाला दिला जातो. हा हवाला ढेरे यांच्यावर अन्याय करणारा आहे. ‘लज्जागौरी’ (१९७८) हा ग्रंथ केवळ आकारसाम्यावर उभा नाही. देवतानामे, रेणुका-यल्लम्मा यांच्या कथा, वारुळाची पूजा, चालू विधी अशा अनेक साक्षी एकमेकींशी ताडून त्यांनी अर्थापर्यंतचा मार्ग काढला. त्यांचा निष्कर्ष उचलायचा आणि पद्धती टाकून द्यायची, हा व्यवहार समीक्षेचा नव्हे, उसनवारीचा आहे.

याच्या उलट बाजूला नदीकाठच्या साती आसरा आहेत. सात दगड, शेंदूर, हळदकुंकू, एखादी हिरवी बांगडी, दहीभाताचा नैवेद्य. हे दगड कोणी घडवलेले नसतात, निवडलेले असतात. बाळंतिणीला ‘आसरा लागल्या’ की घरातली म्हातारी नदीवर जाऊन ओटी भरते. इथे चिन्हव्यवस्था जिवंत आहे, ती सांगणाऱ्या बायका हयात आहेत, आणि तिच्यात चैतन्याच्या साक्षात्कारापेक्षा भय, देणे आणि फेड यांचा हिशेब अधिक आहे. द. ध. कोसंबींनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये (१९६२) अशा तांदळ्यांमागे पायपीट केली, पण साहित्यसमीक्षेने तो रस्ता फारसा चोखाळला नाही. मर्ढेकरी संवाद-विरोध-समतोलाची लय शेंदरी धोंड्याला लावता येत नाही, म्हणून रूपवाद्यांनी तो सोडला. देशीवाद्यांना तरी तो दिसायला हवा होता. पण त्यांनाही ‘भूमी’ ही संकल्पना प्रिय, भूमीवरचा ओबडधोबड दगड तितकासा नव्हे. जिथे काही कळण्याजोगे नाही तिथे शब्दांचा पूर, आणि जिथे विचारले तर उत्तर मिळेल तिथे मौन, असा हा विपरीत न्याय आहे.

हा वाद निव्वळ परिभाषेचा असता तर तो सोडून देता आला असता. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत बारसूचाही समावेश होता. एप्रिल २०२३ मध्ये त्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी भूपरीक्षण सुरू झाले आणि गावच्या बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांचे म्हणणे आंबा, काजू, पाणी, चराई आणि मासळी यांविषयी होते. चित्रांतल्या आदिमानवाच्या भूमिनिष्ठेवर पाने भरणाऱ्या लेखणीला मात्र या बायकांचे भूमीविषयीचे बोलणे ‘स्थानिक प्रश्न’ वाटले. सड्यावर गुरे कोण चारते, पावसाळ्यात उगवणारे गवत कोणाचे, चित्राभोवती दगडी गडगा घातला की गावाची वाट कोठून जाते, हे प्रश्न ‘गूढा’च्या समीक्षेत बसतच नाहीत. बसवायचे तर आधी त्या बायकांना विचारावे लागेल, आणि त्या बहुधा पाण्यापासून सुरुवात करतील.