पुन्हा विचारण्याची बंदी

पाहुणे-रावळे जमले की कानगोष्टींचा खेळ हटकून रंगतो. पहिल्याने शेजाऱ्याच्या कानात एक वाक्य कुजबुजावे, ते कानोकान फिरत जावे आणि शेवटच्याने ऐकलेले मोठ्याने सांगावे. मूळ वाक्याचे झालेले धिंडवडे पाहून मंडळी हसतात आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये, असा बोध काढून मोकळी होतात.

हा बोध आम्हांस मान्य नाही. ऐकीव ते सारे बिघडतेच असते, तर वेदांच्या संहिता मुखपरंपरेने टिकल्या नसत्या. तेथे पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी तेच शब्द उलटसुलट म्हणवून घेत. चुकीला लपावयास जागा उरत नसे. खेळातला बिघाड कानामुळे होत नाही, नियमामुळे होतो. वाक्य एकदाच सांगावयाचे आणि पुन्हा विचारावयाचे नाही, हा तो नियम.

मराठीत संदेश बिघडल्याचे नाव निघाले की ‘ध’चा ‘मा’ आठवतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तरी तो बुद्ध्या केलेला फेरफार होता. खेळात कोणीच लबाड नसतो आणि तरीही वाक्य बदलते, ही अधिक चिंतेची बाब होय. फ्रेडरिक बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवून दिले, की हातोहाती जाणाऱ्या गोष्टीतला अपरिचित भाग माणसे गाळतात अथवा आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतात. थोडक्यात, न समजलेले आपण आपल्या भयाने आणि आशेने भरून काढतो.

मुळशी तालुक्यातील महाळुंगे घ्या. नगररचना योजना आली, २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेले. अशा गावी कोणाचा गट आरक्षणात गेला, कोणाचा सुटला, ही वार्ता चावडीवरून शेतावर पोहोचेपर्यंत काय रूप घेईल, हे सांगावयास ज्योतिषी नको. कागद मात्र कचेरीत असतो, आणि तेथे पुन्हा विचारणाऱ्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहण्याची रीत अजून गेलेली नाही!

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. अफवा मोबाइलवरून पसरली होती. तेथे मजकूर अक्षरशः तोच पुढे जाऊ शकतो, कानाची चूक होण्याचा प्रश्नच नाही. तरी ‘हे कोणी पाहिले?’ असे विचारणारा साखळीत कोणी नसतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडण्याची मर्यादा घातली. वेग कमी झाला. प्रश्न विचारण्याची सवय काही त्याने लागत नाही.

रेल्वेचे स्टेशनमास्तर गाडीसंबंधी महत्त्वाचा निरोप देताना परस्परांना खासगी क्रमांक देतात, तो नोंदवून घेतात. त्यात कोणाला कोणाचा अपमान वाटत नाही.

शिक्षकांनी हा खेळ वर्गात जरूर घ्यावा, पण दोनदा. दुसऱ्या खेपेस प्रत्येकाला एकदा ‘काय म्हणालास?’ असे विचारण्याची मुभा द्यावी, आणि दोन्ही वेळची शेवटची वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.