विश्लेषण : ट्रेल बाइकमध्ये कंपनीने केलेला बदल चालतो, मालकाने केला की गुन्हा… असे का?

पहिला पाऊस पडला की ताम्हिणी, माळशेजच्या आसपासच्या कच्च्या वाटांवर उंच मडगार्डच्या, तारांच्या चाकांच्या सडपातळ दुचाकी दिसू लागतात. २०० सीसीच्या या ट्रेल बाइक दीड-दोन लाख रुपयांत मिळतात. मात्र गाडी घरी आल्यावर आठवडाभरातच बदलांची यादी तयार होते. टायर, हँडल, सस्पेन्शन, सायलेन्सर. यातले काय उपयोगाचे, काय बेकायदा आणि नियमात नेमकी अडचण कुठे आहे?

ट्रेल बाइक म्हणजे नेमके काय?

साधी बाइक डांबरी रस्त्यासाठी बनते, ट्रेल बाइक डांबर संपल्यानंतरच्या वाटेसाठी. भारतात परवडणाऱ्या किमतीत हा प्रकार २०११ मध्ये १५० सीसीच्या हीरो इम्पल्सने आणला. ती गाडी चालली नाही आणि काही वर्षांनी बंद झाली. २०१९ च्या मे महिन्यात हीरोनेच एक्सपल्स २०० बाजारात आणली. तेव्हा कार्ब्युरेटरच्या मॉडेलची एक्स-शोरूम किंमत ९७ हजार रुपये होती. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाक, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची, पुढच्या सस्पेन्शनला १९० आणि मागच्याला १७० मिलिमीटरची हालचाल, हे सर्व लाखाच्या आसपास मिळू लागले.

ताकद कमी, तरी पसंती का?

एक्सपल्स २०० चे इंजिन साधारण १८ ते १९ पीएस शक्ती देते. महामार्गावर ते लवकर दमते. पण कच्च्या वाटेवर शक्तीपेक्षा वजन महत्त्वाचे. बीएस ६ मानकांतली एक्सपल्स सुमारे १५७ किलोंची आहे, तर त्याच काळातली रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ ही १९९ किलोंची. चिखलात आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलायची असेल, तर हे ४२ किलो निर्णायक ठरतात. शिवाय या वाटांवर गाडी पडणे हा अपवाद नसतो.

कोणते बदल खरोखर उपयोगाचे?

टायर हा पहिला आणि बहुतेकांसाठी पुरेसा बदल आहे. खोल खाचांचे टायर चिखलात आणि सुट्या मातीत पकड देतात. ओल्या डांबरावर मात्र तेच टायर घसरू शकतात, म्हणून मूळ मापाचेच आणि दोन्हीकडे चालणारे टायर घेणे शहाणपणाचे. इंजिनाखाली जाड संरक्षक पत्रा आणि हातांसमोर गार्ड बसवले, तर दगड लागून इंजिनाचे केसिंग फुटणे किंवा क्लचचा दांडा मोडणे टळते.

दुसरा स्वस्त बदल स्प्रॉकेटचा. पुढच्या दातेरी चाकाचे १३ ऐवजी १२ दात केले, तर त्याच वेगाला इंजिन सुमारे आठ टक्के जास्त फिरते. म्हणजे जिथे ६,००० फेरे होत होते तिथे ६,५०० होतात. चढावर गाडी सहज ओढते. त्याची किंमत महामार्गावर जास्त थरथर आणि जास्त पेट्रोल या रूपाने मोजावी लागते.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे ट्यूब. गावातल्या पंक्चरच्या दुकानात १८ इंची ट्यूब मिळते, २१ इंची मिळेलच असे नाही. म्हणून अनुभवी चालक २१ इंची ट्यूब सोबत ठेवतात. अडचणीत ती मागच्या चाकातही तात्पुरती भागते.

आणि सायलेन्सर? त्याने मिळणारी शक्ती नगण्य असते, आवाज मात्र दरीपलीकडे जातो. घाटमाथ्यावरच्या एखाद्या वाडीने सर्व दुचाकीस्वारांना वाट बंद करायला तेवढे कारण पुरते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे लागू केले. रंग बदलणे किंवा किरकोळ वस्तू बसवणे हा बदल ठरत नाही, मात्र वाहनाच्या रचनेला हात लावता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. ध्वनी आणि प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्यालाच दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना अपात्र होऊ शकतो.

अडचण मधल्या पट्ट्यात आहे. बदल म्हणजे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतील फरक, अशी कायद्याची व्याख्या आहे. इंजिनाखालचा पत्रा त्यात बसत नाही, कापलेली चॅसी नक्की बसते. पण लांब सस्पेन्शन? उंच हँडल? उत्तर तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर अवलंबून राहते. अपघातानंतर हाच प्रश्न विमा कंपनीचा सर्वेक्षक विचारतो आणि न कळवलेला बदल दावा अडकवू शकतो.

‘रॅली किट’ने काय दाखवले?

२०२० मध्ये हीरोने एक्सपल्ससाठी सुमारे ३८ हजार रुपयांचे रॅली किट आणले. पुढच्या सस्पेन्शनला २५० आणि मागच्याला २२० मिलिमीटर हालचाल, ऑफ-रोड टायर, सपाट सीट असे त्याचे स्वरूप होते. ते स्पर्धेसाठी होते, सार्वजनिक रस्त्यासाठी नव्हते. २०२२ मध्ये कंपनीने जवळपास तेच बदल कारखान्यातच करून ‘रॅली एडिशन’ सुमारे १ लाख ५२ हजार रुपयांना विकायला काढली. ती रीतसर नोंदणी होऊन रस्त्यावर धावू लागली.

भाग तेच, निष्कर्ष उलट. याला तांत्रिक आधार आहे. सस्पेन्शन लांब केले की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, ब्रेक लावताना पुढचा भाग अधिक दबतो, हेडलाइटचा कोन बदलतो. मूळ साइड स्टँडही तोकडा पडतो. कंपनी पूर्ण गाडीची चाचणी करून मान्यता घेते, गल्लीतला गॅरेजवाला घेत नाही. त्यामुळे सरसकट सूट द्या, ही मागणी चुकीची आहे. पण चाचणी झालेला कंपनीचाच संच मालकाने अधिकृत केंद्रात बसवला, तरी त्याला नोंदणी पुस्तकात जागा नसावी, हेही तितकेच चुकीचे.

मार्ग काय?

मार्ग कायद्यातच आहे. बदलांचे निकष आणि मान्यतेच्या अटी ठरवण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राला दिला आहे. अशा बदलामुळे कंपनीची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. सीएनजी किटसाठी ही पद्धत वर्षानुवर्षे चालू आहे. किटला मान्यता, अधिकृत केंद्रात जोडणी, आरटीओकडे नोंद. चाचणीसाठी पुण्यात एआरएआयसारखी संस्था आहे. सस्पेन्शन आणि हँडलच्या ठराविक संचांना हीच वाट खुली केली, तर लपवाछपवी संपेल आणि विमा कंपनीलाही कागद मिळेल. तोवर मालकाने सहज काढता येतील अशाच वस्तू बसवाव्यात आणि त्या विमा कंपनीला लेखी कळवाव्यात.

चालकांची जबाबदारी कुठवर?

सवलत मागणाऱ्यांनी स्वतःकडेही पाहायला हवे. उन्हाळ्यात उजाड दिसणाऱ्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर मातीचा जेमतेम थर असतो आणि त्याच थरात बिया, कंद पावसाची वाट पाहत असतात. खोल खाचांचे टायर तो थर काही मिनिटांत उखडतात. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे, पण फुले फक्त कासलाच येत नाहीत. अभयारण्यात तर परवानगीशिवाय शिरणेच गुन्हा आहे. बैलगाडीची वाट, गावाचा कच्चा रस्ता, मालकाला विचारून घेतलेले मोकळे रान, एवढे ट्रेल बाइकला पुरते. पठारावर चाकोरी उमटवणारे आणि कानठळ्या बसवणारे मोजकेच असले, तरी सरकारसमोर चित्र त्यांचेच जाते. नियम सैल व्हावेत असे वाटणाऱ्यांनी आधी ते चित्र बदलायला हवे.