शिडीची उंची आणि जिन्याची रुंदी



‘शहर वाढते आहे, अग्निशमन केंद्रे वाढवा’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. केंद्रे हवीतच. पण उंच शिड्यांचे बंब आले की धोका टळला, हा पत्रलेखकाचा निष्कर्ष मला पटत नाही.

१६ जुलै २००४ रोजी तंजावरजवळच्या कुंभकोणम येथे शाळेला आग लागली आणि ९४ मुले गेली. ती काही गगनचुंबी इमारत नव्हती. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली. वरच्या मजल्यावर वर्ग खच्चून भरलेले, जिना अरुंद. पेटते छप्पर मुलांच्या अंगावर कोसळले. अशा वेळी बंब कितीही जवळ असला तरी उशीरच होतो. त्या मुलांना हवा होता रुंद जिना, दुसरी वाट आणि न पेटणारे छप्पर. त्या दुर्घटनेनंतरच २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शाळांना अग्निसुरक्षेचे आदेश दिले.

आपल्याकडे २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र मालकाने दर जानेवारी-जुलैत द्यायचे असते. ते खरे आहे का, हे जागेवर जाऊन तपासणारी माणसे आधी वाढवा, असे माझे म्हणणे आहे.

पालकांना कळकळीची विनंती : उद्या मुलांना सोडायला जाल, तेव्हा शाळेचा दुसरा जिना कुठे आहे ते विचारा. त्याच्या दाराला कुलूप तर नाही ना, हे स्वतः पाहा.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे