घरीच तर आहे!

२०२० चा रमजान आम्ही निलंगेकर विसरणार नाही. २५ एप्रिलला पहिला रोजा, आणि सगळं बंद. हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा लॅपटॉप घेऊन गावी आला होता. दिवसभर कंपनीचं काम, आणि मगरिबची वेळ झाली की दस्तरखानावर हजर. आपा म्हणाली, "लातूरला शिकायला गेला तेव्हापासून पहिल्यांदाच लेकासोबत महिनाभर इफ्तार करतेय." घरून काम करण्याचं हे सुख पगारात मोजता येत नाही.

पण दुसरी बाजूही तिथंच दिसली. घरातच तरावीह झाली की पोरगा पुन्हा स्क्रीनसमोर. साहेबाला वाटायचं, घरीच तर आहे, करेल रात्री. आईला वाटायचं, घरीच तर आहे, जाईल दुकानात. कामाचं रडगाणं ऐकायला बरोबरीचं कुणी नाही. हळूहळू तो चिडचिडा झाला.

मीही तेव्हा घरूनच शिकवत होतो. तास सुरू झाला की खोलीचं दार लावायचो. "अब्बांचा क्लास आहे" म्हटलं की मुलं गप्प. बाहेर माझी पत्नी मशीनवर मास्क शिवत होती. शिलाईचं काम ती लग्नापासून करते. पण तिच्यासाठी कधी कुणी गप्प बसलं नाही. टीप अर्धी सोडून चहा तिनंच करायचा, दूधवाल्याला तिनंच बघायचं. आणि कुणी विचारलं, "वहिनी काय करतात?" तर मीच सांगायचो, "घरीच असते."

सोलापुरात हजारो बायका पिढ्यान् पिढ्या घरी विड्या वळतात. घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ मध्ये करार केला. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. सरकारला काय बोलणार? मी माझ्या घरात तरी कुठे स्वीकारला होता?

घरून काम सुखाचं की तापाचं, हे इंटरनेटवर कमी आणि घरच्यांवर जास्त अवलंबून आहे. त्यांनी त्याला काम मानलं तर जवळीक मिळते, नाही मानलं तर घुसमट. आपले पैगंबर (स.) स्वतःचे कपडे शिवत, घरकामात हात लावत, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि घरी येऊन पाणी मागतो.

आता दुपारी तीन ते पाच मशीन चालू असली की आमच्याकडे तिला कुणी हाक मारत नाही. सुट्टीच्या दिवशी तेवढ्या वेळात चहा मी करतो. साखर अजून जास्तच पडते.